सासूला झेलणाऱ्या जावयाची झोप

प्रति,
मा. अधीक्षक,
निवास व साहित्य शाखा,
सर्कस कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : वरिष्ठ उडणारी, उडते झुले विभाग.

विषय : झुल्यावर उलटे लटकून अर्जदारास झेलणाऱ्या जावयास रीतसर झोप, व ती येईल असा पलंग मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज (उत्तर नाही).
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज (उत्तर आले. नसते आले तर बरे झाले असते).
३) आपल्या शाखेचा आदेश, ‘पलंगाचा खेळ आहे तसाच चालू ठेवणेबाबत’.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, ती या सर्कशीत उडत्या झुल्यावर काम करते. आपण खुर्चीवर काम करता, म्हणून थोडे समजावून सांगणे भाग आहे. अर्जदार एका झुल्यावरून झेप घेते, हवेत कोलांटी मारते, आणि समोरच्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटा लटकलेला माणूस तिची मनगटे धरतो. त्यास झेलणारा म्हणतात. चमकीचे कपडे उडणारीचे, टाळ्या उडणारीला, भिंतीवरच्या चित्रातही उडणारीच. काम मात्र झेलणारा करतो. उडणारी चुकली तर झेलणारा सावरून घेतो. झेलणारा चुकला तर सावरायला कोणी नसते. खाली जाळी असते, आणि जाळी म्हणजे काही आईची मांडी नव्हे.

२. पूर्वी अर्जदारास तिचे यजमान झेलत असत. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते दोर आणि जाळी सांभाळतात व सर्वांना सल्ले देतात. सध्या अर्जदारास तिचा जावई झेलतो. हे वाचून आपल्या शाखेत हशा होतो असे अर्जदाराच्या कानावर आले आहे. हसावे, हरकत नाही. आम्ही सर्कशीतली माणसे, हसण्यावरच आमचे पोट आहे. पण हसून झाल्यावर पुढील बाब ध्यानात घ्यावी. झेलणाऱ्याच्या हातून दुसरी कोणी उडणारी सुटली तर लोक म्हणतात, अपघात. सासू सुटली तर लोक काय म्हणतील? ‘सासू मेली, ठीक झाले, घरदार हाती आले’ ही म्हण कोणा शहाण्याने केली माहीत नाही, पण ती सगळ्या जगाला पाठ आहे. चौकशी समितीची खुर्ची मांडून होईपर्यंत बाहेरच्या चहावाल्याकडे निकाल लागलेला असेल. जगात एकच जावई असा आहे की ज्याच्या हातून सासूला खरोखरच चुकून इजा होऊ शकते, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस सापडणार नाही. म्हणजे या प्रकरणी अर्जदाराचा जीव टांगणीला आहे आणि जावयाची अब्रू, आणि दोन्ही एकाच झुल्याला.

३. जावई स्वभावाने गरीब आहे. जावई होण्यापूर्वी तो अर्जदाराच्या हाताखाली शिकला, म्हणून या अर्जात त्याचा उल्लेख ‘तो’ असा केला आहे. तोंडावर अर्जदार त्यास अहोजाहोच करते, आणि तो अर्जदारास आई म्हणतो. वर गेल्यावर मात्र तो फारसे बोलत नाही, नुसते हात पुढे करतो. त्या हातांवर भरवसा ठेवूनच अर्जदाराने त्याला मुलगी दिली. बाकी त्याच्यात पाहण्यासारखे विशेष नव्हते, हे मुलगीही मान्य करते.

४. कलाकाराने सर्कशीच्या निवासातच राहिले पाहिजे, असा आपला नियम आहे. शाखेने दिलेले सामानच वापरले पाहिजे व बाहेरचे फर्निचर आत आणता कामा नये, कारण त्यातून ढेकूण येतात, असाही नियम आहे. (ढेकूण आधीपासूनच आत आहेत आणि त्यांना निवास छान मानवला आहे.) जावयाला शाखेकडून मिळालेला पलंग लोखंडी, अरुंद आणि आखूड आहे. जावई लांबरुंद आहे. झेलणारा लांबरुंदच लागतो, काडीपैलवान चालत नाही. सबब त्याच्या पोटऱ्या पलंगाबाहेर जातात. मग सवयीने तो पायथ्याच्या दांडीला गुडघे अडकवतो आणि डोके उशीवरून खाली घसरते. म्हणजे दिवसभर उलटा लटकून घरी आलेला माणूस घरीही उलटाच. गादीतल्या कापसाचे गोळे झाले आहेत. मुलगी म्हणते, बटाट्याच्या पोत्यावर निजलेले बरे, निदान बटाटे सारखे हलवून बसवता येतात. मुलगी सर्कशीचे कपडे शिवते आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपते, कारण त्या पलंगावर दोघे मावत नाहीत. नव्या जोडप्यास हे कितपत सोयीचे आहे, याबद्दल अर्जदार सासू असल्यामुळे अधिक लिहू शकत नाही. आपण समजून घ्यावे.

५. एवढ्यावर भागत नाही. निवासाच्या भिंतीला लागूनच नवशिक्यांचा वर्ग आहे. दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन्ही खेळ करून, सामान आवरून जावई आडवा होतो न होतो तोच सकाळ होते आणि पलीकडून सुरू होते, हप! हप! झेप घेताना उडणारा हा शब्द ओरडतो. तो कानावर पडला की झेलणाऱ्याचे हात आपोआप पुढे जातात. ते जायलाच हवेत. तो विचार करत बसला तर उडणारा तोवर खाली पोचलेला असतो. आमच्या जावयाचे हात झोपेतही जातात. पलीकडे नवशिका ओरडतो हप, अलीकडे जावई झोपेत दोन्ही हात फेकतो, पलंग कलंडतो आणि झोपेचे खोबरे होते. एके दिवशी मुलगी चहा घेऊन पलंगाशी उभी होती. पलीकडून हप झाले आणि त्याने तिचे मनगट धरून तिला खोलीभर फिरवून आणले. कप फुटला. कप शाखेचा होता, त्याची नोंद झाली. मनगट मुलीचे होते, त्याची झाली नाही.

६. याबाबत अर्जदाराने दुसरा अर्ज केला असता आपण उत्तर दिलेत की, ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा. थकलेल्या माणसास कुठेही झोप लागते. शिवाय खाली जाळी असल्याने झेलणाऱ्याच्या झोपेची निकड सिद्ध होत नाही. सबब मागणी अमान्य.’ महोदय, म्हण आम्हालाही येते. पण थकलेल्या माणसास कुठेही झोप लागते, हेच तर आमचे दुखणे आहे! कुठेही म्हणजे वरही लागेल. आणि जाळीचे म्हणाल, तर आपल्या खुर्चीखाली तशीच एक जाळी बांधून देण्यास आमचे यजमान तयार आहेत. जाळी बांधून झाली की खुर्चीचे पाय काढून घेऊ. मग निकड सिद्ध होते की नाही, ते आपणच कळवावे.

७. आणखी एक सांगायचे आहे. खेळ संपला की आमचे दोर पुसून, गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवतात. त्यांना ओल लागू देत नाहीत. घोड्यांना रोज नवा पेंढा अंथरतात, आणि घोडा नीट बसला नाही तर डॉक्टर येतो. हे योग्यच आहे. बासरी वाजवणाऱ्याला बासरी पेटीत ठेवता येते. पण ज्याचे अंग हेच त्याचे हत्यार, तो नाचणारा असो, गाणारा असो की झेलणारा, त्याने ते हत्यार उतरवून ठेवायचे कुठे? पलंगावर. दुसरी जागा देवाने केलेली नाही. रात्रभर नीट झोपलेल्या माणसाच्या बोटांत काय असते, ते हवेत असताना अर्जदारास बरोबर कळते. आणि न झोपलेल्याच्या बोटांत काय नसते, तेही कळते. यजमानांचे मत असे की आमच्या वेळी आम्ही गवतावर झोपायचो आणि काही बिघडले नाही. त्यांच्या वेळी अर्जदार दोनदा जाळीत पडली होती, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

८. दुसऱ्या अर्जाचे उत्तर आल्यानंतरची गोष्ट. अर्जदार हवेत असताना समोरून जावयाचे उलटे तोंड येत होते. त्या तोंडाने एकाएकी आ वासला. अर्जदाराला वाटले, काही सांगतोय. ती जांभई होती. उलट्या माणसाची जांभई आपण पाहिलेली नसणार. हनुवटी वर, कपाळ खाली आणि मध्ये नुसते खिंडार. मनगटे धरली गेल्यावर अर्जदाराने झोक्यातच विचारले की काय हो जावईबापू, कंटाळलात का मला? त्यावर तो ओशाळून म्हणाला, “नाही हो आई, दुपारपासून अडवून धरली होती.” त्या दिवशी अर्जदार पहिल्यांदा घाबरली. इतकी वर्षे ती घाबरली नव्हती असे नाही, पण ती आपल्या चुकीला घाबरायची. दुसऱ्याच्या झोपेला घाबरायचे म्हणजे काय करायचे, हे तिला कळेना.

९. सबब अर्जदाराने स्वतःच बाहेरून एक पलंग घेतला. लाकडी, लांब, रुंद, आणि वर अशी गादी की नुसते टेकले तरी अंग म्हणते, आता उठू नकोस बाई. आपला नियम माहीत असूनही घेतला, हे अर्जदार मान्य करते. फाटकावर रखवालदाराने हातगाडी अडवली. तो म्हणाला की आत फक्त तीन गोष्टी जातात : माणूस, जनावर नाहीतर खेळाचे साहित्य, यातला पलंग कोणता? इतक्यात आमचा जोकर तेथून चालला होता. मदत करावी या शुद्ध हेतूने तो म्हणाला, खेळाचे साहित्य आहे, माझे आहे. आणि रखवालदाराची खात्री पटावी म्हणून हातगाडीवरच्या पलंगावर चढून कूस बदलता बदलता धपकन खाली पडला. परत चढला, परत पडला. रखवालदार पोट धरून हसला आणि त्याने फाटक उघडले. आम्हाला वाटले, जिंकलो. महोदय, खरे घोडे तिथेच पेंड खाऊ लागले होते.

१०. कारण आत येताच भांडारपालांनी पलंग ताब्यात घेतला. खेळाचे साहित्य म्हणून आला, तर खेळाच्या साहित्यात जाणार. त्यांनी उशाच्या फळीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातला आणि पलंग भांडारघरात, एकचाकी सायकली आणि मोठ्या चेंडूंच्या मध्ये लावून कुलूप ठोकले. खेळाचे साहित्य निवासात नेता येत नाही. जे साहित्य खेळात वापरले जात नाही ते भंगारात जाते. म्हणजे पलंग वाचवायचा तर त्याचा खेळ झालाच पाहिजे. जोकर बिचारा स्वतःच्या जिभेला शिव्या देत खेळ बसवायला बसला. फार डोके न चालवता त्याने एक माणूस दाखवला, ज्याला काही केल्या झोप लागत नाही. उशी इकडे, पाय तिकडे, डास मार, मेंढ्या मोज. लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला.

११. आता आपण डोळ्यांपुढे आणावे. आमच्या आधी पलंगाचा खेळ असतो. त्या वेळी जावई वर झुल्यावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. खाली प्रखर दिव्यात त्याच्यासाठी आणलेला पलंग, त्यावर भरपेट झोपलेला जोकर झोप न आल्याचे सोंग करतो आहे, आणि वर खरोखर झोप न झालेला माणूस डोळे ताणून ते बघतो आहे. बाकीचे लोक हसत असतात. जावई एकदाच काही बोलला. म्हणाला, “आई, उशीवर त्यांनी बूट ठेवायला नको होते.” अर्जदाराला फार वाईट वाटले. तिला रडू आले, असे लिहिले तरी चालेल.

१२. यावर उपाय अर्जदाराला सुचला आणि त्याचा दोष सर्वस्वी तिच्याकडे आहे. पलंग जावयाकडे जाऊ शकत नाही, तर जावई पलंगाकडे जाऊ शकतो. दुपारच्या खेळात जोकरच्या जोडीला एक झोपलेला माणूस दाखवावा, असे ठरले. जोकरने त्याला उठवायचे नाना प्रयत्न करायचे, माणसाने उठायचे नाही. एवढेच काम. जावयाने ते कोणत्याही सरावाशिवाय पहिल्याच दिवशी उत्तम केले. उशीला डोके टेकताक्षणी तो गेला. जोकरने कानाशी ढोल बडवला, तोंडावर पाणी मारले, पलंगासकट त्याला रिंगणातून पळवत नेले; जावई घोरत होता. लोक बाकांवर उभे राहिले. असा कसलेला नट आम्ही पाहिला नाही, असे पुढच्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या. मग आमच्या झुल्याची पाळी आली, संगीत सुरू झाले आणि तो उठेचना. जोकरच्या चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळू लागला. शेवटी अर्जदाराने वर चढून, होता नव्हता तेवढा दम लावून आरोळी दिली, हप! जावयाने झोपेतच दोन्ही हात फेकले आणि तो पलंगावरून थेट भुशात पडला. असल्या टाळ्या आमच्या सर्कशीत कधीच पडल्या नव्हत्या.

१३. त्या टाळ्या आपल्या शाखेपर्यंत ऐकू गेल्या असाव्यात. कारण लगोलग संदर्भ क्रमांक तीनचा आदेश निघाला, की सदर खेळ प्रत्येक वेळी आहे तसाच व्हावा. झोपेच्या दर्जात तडजोड होऊ नये. व त्यासाठी सदर कलाकार खेळाच्या वेळी पुरेसा थकलेला असेल याची सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी. महोदय, दक्षता घेण्यात आली. नवशिक्यांचा वर्ग आणखी लवकर भरू लागला आणि शिक्षकांनी पोरांना बेंबीच्या देठापासून ओरडायला शिकवले. निवासात कोणी दुपारी पडलेले दिसले की पहारेकरी दार वाजवून चौकशी करतो, की झोपला तर नाहीत ना? अर्जदाराने झोप मिळावी म्हणून अर्ज केला होता. आपण जागरण ही त्याची नोकरी करून टाकलीत. आणि पलंगावर मिळते ती झोप किती, तर ढोल वाजून संपेपर्यंत. त्यात हाडे नुसती चिडतात. आगीतून उठून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच.

१४. काल संध्याकाळच्या खेळात अर्जदार पडली. झेप बरोबर होती, कोलांटी बरोबर होती, जावयाचे हातही पुढे होते. पण ते हात किंचित उशिरा मिटले. मनगट निसटले आणि अर्जदार जाळीत गेली. वाईट पडली. खांदा दुखावला आहे. डावा हात वर जात नाही, आणि हा अर्ज उजव्याने लिहिला आहे. जाळीतून उतरल्यावर अर्जदाराने सवयीने हात हलवून लोकांना अभिवादन केले. लोकांना वाटले, हाही खेळातलाच भाग. मुलगी पडद्याआड सुई हातात धरून उभी होती. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला नवरा आणि दोघेही हवेत, असे आयुष्य त्या पोरीने काढले आहे. ती आधी धावत आईकडे आली, मग तिने वर पाहिले आणि नवऱ्यासाठी रडू लागली. यजमान एरवी सल्ला दिल्यावाचून राहत नाहीत, ते जाळीची गाठन् गाठ तपासत बसले.

१५. जावई खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात रखवालदार गमतीने म्हणाला की काय जावईबापू, आज जमता जमता राहिले वाटते! तो वाईट माणूस नाही. सर्कशीत अशी थट्टा चालते; दुसऱ्या कोणा दिवशी अर्जदारही हसली असती. काल कोणी हसले नाही. जावई अर्जदारापाशी आला आणि म्हणाला, “आई, मला काढून टाका. दुसऱ्या कोणाच्या हातात जा.” त्यानंतर तो खोलीतल्या लोखंडी पलंगाच्या कडेला बसून राहिला. काल रात्री हप म्हणायला कोणी नव्हते, तरी त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही, असे मुलीने सांगितले. आपल्या शाखेला आता त्याच्यासाठी दक्षता घेण्याची गरज उरलेली नाही. त्याची झोप त्याच्याच भीतीने पळवली.

१६. लोक अर्जदाराला विचारतात, या वयात उडता कशाला, पुरे करा की. अर्जदाराच्या जागी दुसरी उडणारी नेमण्याचे आपण मनावर घेत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अर्जात लिहिण्यासारखे नाही, पण लिहिते. अर्जदारास उडायला आवडते. आणि त्या पोराच्या हातात जायलाही आवडते. दुसऱ्या कोणाच्या हातात ती जाणार नाही.

१७. तरी पुढील बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते. आज सकाळी नवशिक्यांचा वर्ग भरण्यापूर्वी अर्जदार, तिचे यजमान आणि मुलगी असे तिघे मिळून जावयाला भांडारघरात घेऊन आलो. पलंग रोज बाहेर काढावा लागतो म्हणून आपल्याच आदेशाने जोकरकडे एक किल्ली असते. ती त्याने अर्जदाराच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जावई आत यायला तयार नव्हता. म्हणाला, झोप येणार नाही. मुलीने त्याला नुसते बसवले, पायातले बूट काढले आणि उशी सारखी केली. अर्जदार म्हणाली की झोपू नका, नुसते पडा; सासूचे एवढे तरी ऐका. तो पडला. बराच वेळ छताकडे बघत होता. मग मुलीने त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्याचा श्वास हळूहळू लांबत गेला. यजमान बाहेर जाऊन वर्गाच्या दारात बसले आहेत, आणि जो नवशिका ओरडेल त्याला आपण स्वतः झेलू अशी त्यांनी धमकी दिली आहे. त्यांचे गुडघे पाहता कोणी ओरडलेले नाही.

१८. आता दुपारच्या खेळाची वेळ झाली आहे. भांडारपाल बाहेरून दार वाजवत आहेत आणि पलंग द्या म्हणून ओरडत आहेत. पलंग देता येत नाही, त्यावर माणूस आहे. हा अर्ज अर्जदार एका मोठ्या चेंडूवर बसून, एकचाकी सायकलीच्या बैठकीवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर हलले असेल तर माफी असावी. लिहून झाल्यावर तो दाराच्या फटीतून सरकवला जाईल. भांडारपालांनी तो वर नेऊन द्यावा. तेवढाच दाराला आराम.

१९. तरी विनंती की,
(अ) सदर पलंगास निवासात नेण्यास कार्योत्तर मंजुरी द्यावी. ढेकणांची काळजी नसावी, आमचे पुरेसे आहेत.
(आ) पलंगाचा खेळ जोकरने जुन्या लोखंडी पलंगावर करावा. त्यावर झोप न आल्याचे सोंग करावे लागणार नाही, त्याचे कष्ट वाचतील.
(इ) आज दुपारचा खेळ झोपलेल्याविना व आमच्या झुल्याविना पार पाडावा. लोकांनी विचारले तर खरे सांगावे की तो झोपला आहे. लोक समजूतदार असतात, त्यांनाही झोप लागते.
(ई) तो आपण होऊन उठेपर्यंत कोणी त्यास उठवू नये.

२०. शेवटी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय अर्जदार लिहून देते की, आज संध्याकाळी ती दुखऱ्या खांद्यानिशी वर चढणार आहे आणि त्याच हातांवर झेप घेणार आहे. तिने ती घेतली नाही, तर तो पोरगा पुन्हा कोणाच्याही पुढे हात करणार नाही. ती झेलली गेली, तर झोपेची निकड सिद्ध होत नाही, या आपल्या शेऱ्याचे तेच उत्तर समजावे. नाही झेलली गेली, तर माझ्या जावयाने मला मुद्दाम सोडले असे कोणी, अगदी थट्टेतही, म्हणू नये. काल सुटताना त्याने इतके घट्ट धरले होते की माझ्या मनगटावर त्याच्या नखांचे चार ओरखडे आहेत. सोडणाऱ्याची नखे रुतत नाहीत, साहेब.

२१. हे लिहीपर्यंत तो एकदाही दचकलेला नाही. तोंड उघडे आहे, घोरणे चालू आहे, मुलगी पायथ्याशी बसल्या बसल्या पेंगली आहे. दाराला आतून कडी आहे आणि दाराला पाठ लावून अर्जदार बसणार आहे. पलंग जप्त करायचाच असेल, तर सासूला ओलांडून यावे.

झोपलेल्याची पाठराखीण व आपली नम्र,

(सही)
वरिष्ठ उडणारी, उडते झुले विभाग
दिनांक : आजचाच. संध्याकाळच्या खेळापूर्वी निर्णय व्हावा.

सहपत्रे :
१) दुसऱ्या अर्जास आलेले उत्तर (परत पाठवीत आहे).
२) मनगटावरील ओरखडे, चार (मूळ अर्जदाराजवळ, समक्ष दाखवण्यात येतील).
३) भांडारघराची किल्ली (जोडलेली नाही).